शून्य सूत

सकाळी सहाला चौथ्या मजल्यावरचं दार उघडायचं आणि टाचणी जिना उतरायला लागायची. एका हातात वही, कानावर पेन्सिल, डोळ्यांत अर्धी झोप. वय सोळा. अंगावर मांस नाही आणि जिभेला टोक आहे, म्हणून सगळी इमारत तिला टाचणी म्हणायची. तिची हरकत नव्हती. टाचणी केवढीशी असली तरी चार कागद एकत्र धरून ठेवते, असं ती म्हणायची, आणि तिच्या घरात तर तीनच माणसं होती.

तळमजल्यावर, जिन्याच्या मधल्या पोकळीत एक लोखंडी बादली होती. बादलीत पाणी, पाण्यात बुडालेला पितळी ओळंबा आणि त्या ओळंब्याची दोरी थेट चौथ्या मजल्याच्या कठड्याला ठोकलेल्या हुकापर्यंत गेलेली. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो हा ओळंबा. एरवी त्याची दोरी पुरुषभर लांब असते. ही चाळीस फूट होती. ओळंबा झुलू नये म्हणून पाणी. बादलीवर आडवी फळी आणि फळीला खिळ्यांनी ठोकलेली फूटपट्टी. दोरी पट्टीच्या कुठल्या रेघेसमोरून जाते ते बघायचं आणि वहीत लिहायचं, किती सूत आणि कुठल्या बाजूला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. सुट्टी नाही, आजारपण नाही, परीक्षाही नाही.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर टाचणीच्या बाबांची खात्री होती की ही इमारत कलते आहे.

इमारत कलत नव्हती. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत ती पडायची वाट बघत बसेल. शहराच्या कचेरीतला इंजिनिअर दोनदा येऊन, सगळी यंत्रं लावून बघून गेला होता. दुसऱ्यांदा तर तो जाताना म्हणाला की आपल्या स्वतःच्या घरापेक्षा ही इमारत सरळ आहे. बाबांनी त्याला नमस्कार केला, दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन बायकोला सांगितलं, "चांगला माणूस आहे. पण पगारी आहे."

बाबा मिस्त्री होते. बावीस वर्षं त्यांनी भिंती उभ्या केल्या आणि त्यातली एकही पडली नाही. तीन वर्षांपूर्वी एक दिवस ते कामावरून दुपारीच परत आले आणि आपल्याच घराच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. टाचणीच्या आईला वाटलं, शेजारचं भांडण ऐकतायत. तीसुद्धा गंमत म्हणून शेजारी कान लावून उभी राहिली. पलीकडे भांडण नव्हतंच. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं की यात गंमतही नाही.

लोकांना कारण लागतं. एक जण म्हणाला, साइटवर डोक्यात वीट पडली असणार. दुसरा म्हणाला, कुणीतरी फसवलं असणार. तिसऱ्याने तर एक आख्खी इमारत कोसळवून त्याखाली चार मजूर गाडले, तेही फुकट. काहीही झालेलं नव्हतं. ताप येतो तसा आजार आला होता. तापाला निदान उतरायची रीत असते, एवढाच फरक. टाचणी पहिल्या वर्षी सगळ्यांना समजावत बसायची. दुसऱ्या वर्षी तिने तो नाद सोडला आणि जिभेचं टोक वापरायला सुरुवात केली.

बाबांचा एक नियम होता. दोन सुतांपर्यंत काळजी नाही. तीन झाले की लक्ष ठेवायचं. चार झाले की इमारत रिकामी करायची, विचारत बसायचं नाही. आणि नियम म्हणजे नियम. ते दोनदा चार सूत भरल्याचं सांगत घराबाहेर पडले होते. पहिल्यांदा गच्चीचं दार उघडं राहून जिन्यात वारा शिरला होता. बाबांनी थापी घेतली आणि तिच्या लाकडी मुठीने प्रत्येक दार वाजवत खाली गेले, "बाहेर या! आहे तसे बाहेर या!" माणसं खरोखर आहे तशी बाहेर आली. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या कमरेला टॉवेल, आणि पहिल्या मजल्यावरचा शिंपी तर गिऱ्हाइकाची पँट घालून. त्या वेळी लोक हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी घाईने उतरताना पाय घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

आजी काही बोलल्या नाहीत. "माझे पाय, मीच पडले," एवढंच म्हणाल्या. पण तळमजल्यावरचे सेक्रेटरी बोलले. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कारकून. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली, त्यामुळे आवाज कधी चढवत नसत. ते चौथ्या मजल्यावर आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि टाचणीच्या आईला म्हणाले, "वहिनी, मलाही वाईट वाटतं. पण तिसऱ्यांदा दार वाजलं की जागा खाली करायची. मालकांशी बोलणं झालंय माझं."

याआधीची जागा याच ओळंब्यापायी सुटली होती. ही मिळवताना आई किती जिने चढली ते तिचे गुडघेच जाणत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर घराचा मिस्त्रीच फिरला होता. सेक्रेटरी गेल्यावर आई टाचणीला म्हणाली, "अजून एकदा दार वाजलं, की आपण रस्त्यावर. लक्षात ठेव." मग म्हणाली, "माझं लग्न माणसाशी लावलं होतं गं. ओळंबा कुठून आला घरात?" दोघी हसल्या. हसल्यावर बरं वाटतं असं नाही, पण वेळ जातो.

आई एका मोठ्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायची. घरी राहून बाबांवर लक्ष ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. ते काम टाचणीकडे आपोआप आलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे बाबांना घेऊन जायचं तेही तिनेच. डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या आणि बोलताना तिच्याकडे बघून बोलायच्या, हे टाचणीला आवडायचं. त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी. त्यांच्याशी इमारतीवरून वाद घालायचा नाही. आणि त्यांना खरं वाटतं म्हणून हो ला हो सुद्धा करायचं नाही."

"मग करायचं काय?" टाचणी म्हणाली.

"ते कसे आहेत ते लिहून ठेवायचं. किती तास झोपले, गोळी घेतली का, जेवले का, कुणाशी बोलले का. मला त्याच्यावरून औषध ठरवता येतं."

वेगळी वही कुठून आणायची म्हणून टाचणीने ओळंब्याचीच वही उलटी केली आणि मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली. पुढून इमारत, मागून बाबा. मागची बाजू बाबांना माहीत नव्हती.

गोळ्यांनी बाबांचे हात थरथरायला लागले आणि बारीक रेघा अंधुक दिसायला लागल्या. मग एक दिवस त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टाचणीला दिली. "आजपासून माप तू घ्यायचं. डोळा दोरीच्या समोर, वर नाही, खाली नाही. जे दिसेल ते लिहायचं. आपल्याला काय दिसायला हवं ते नाही लिहायचं." साइटवर न बघता माप सांगणाऱ्या मजुराला ते त्याच दिवशी घरी पाठवायचे, भले तो सख्खा भाऊ असो. पोरीला पेन्सिल देणं म्हणजे त्यांनी किती मोठी गोष्ट दिली हे टाचणीला कळत होतं. गोळीही ते तिच्याच हातून घ्यायचे. आईच्या हातून नाही.

आणि नेमकी इथे पोरगी चुकली.

त्या दिवशी संध्याकाळी गच्चीच्या दाराची कडी तुटली होती आणि वारा सुटला होता. टाचणी बादलीपाशी वाकली तर दोरी साडेतीन सुतांवर, आणि तिथून हळूहळू पुढे सरकत होती. वरून बाबांनी विचारलं, "किती गं?" तिच्या डोळ्यांसमोर थापी आली, आजींचं मनगट आलं, सेक्रेटरींचा शांत आवाज आला. ती ओरडली, "शून्य!" आणि तेच लिहिलं.

बाबा त्या संध्याकाळी पोटभर जेवले. टाचणीने वर जाऊन कडीला तार गुंडाळून दार घट्ट केलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खरं माप दीड सूत भरलं. शून्याचं एकदम दीड कसं लिहायचं? बाबा विचारणार, रात्रीत काय झालं? तिने परत शून्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती दोरीकडे न बघताच वहीत लिहून मोकळी झाली. खोट्याचं हेच असतं, पहिल्या दिवशी ते आपल्या उपयोगी पडतं आणि तिसऱ्या दिवशी आपण त्याच्याकडे नोकरीला असतो.

पण ते दिवस छान होते, हेही सांगायला हवं. बाबा खिडकीत बसून रस्ता बघायचे. एकदा त्यांनी आपणहून शिंप्याच्या दुकानाची पायरी दुरुस्त करून दिली. आई इस्त्रीचा वास घेऊन घरी यायची आणि काहीतरी गुणगुणायची. "सुंठीवाचून खोकला गेला की काय," असं म्हणाली सुद्धा. टाचणीने परीक्षेचा अभ्यास काढला. वहीच्या मागच्या बाजूला ती रोज लिहीत होती, गोळी घेतली, गोळी घेतली, गोळी घेतली. फक्त झोपेचे आकडे उतरत चालले होते. सहा तास. पाच. चार. हे का होतंय ते तिला कळेना. सगळं बरं चाललंय तर माणूस झोपत का नाही?

पंधराव्या दिवशी, दुपारी ती शाळेतून आली तेव्हा बाबा जमिनीवर बसले होते. पुढ्यात वही, पुढची बाजू उघडी. त्यांनी एका खाली एक शून्यांवर बोट फिरवलं.

"हे बघितलंस?"

"काय?"

"पंधरा दिवस. सकाळ संध्याकाळ. शून्य."

"मग चांगलंच आहे की बाबा."

"चांगलं?" बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला अजून विटेची लांबीसुद्धा माहीत नाही. "अगं, उन्हाने भिंत तापते, संध्याकाळी निवते. वारा लागतो. माणसं जिना चढतात. सरळातली सरळ इमारत दिवसाला अर्धा सूत तरी इकडेतिकडे होतेच. जी होत नाही, ती अडकलीय. कुठेतरी आतून धरून ठेवलीय तिला. आणि धरून ठेवलेलं जेव्हा सुटतं ना, तेव्हा चार सुतांची वाट बघत नाही." ते उठले आणि खुंटीवरची थापी काढली. "आज सहाचं माप घेऊ. शून्य आलं की दारं वाजवायची. वरचे दोन मजले माझे, खालचे तीन तुझे. आजींना तू हात धरून उतरव. मागच्या वेळी माझी चूक झाली."

बावीस वर्षं भिंती बघितलेल्या माणसाला तिने सरळ भिंत दाखवून फसवायचं ठरवलं होतं! अर्धा अर्धा सूत लिहीत राहिली असती तर त्यांना कळलंही नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

साडेतीन वाजले होते. आई सातनंतर येणार. लाँड्रीत फोन फक्त मॅनेजरच्या टेबलावर होता आणि मॅनेजर निरोप द्यायचा तो दुसऱ्या दिवशी. टाचणी मोरीत जाऊन तोंड धूत उभी राहिली आणि तिला एकदम सोपा उपाय सुचला. सहाला शून्य लिहायचंच नाही. अर्धा सूत लिहायचा. "बाबा, अर्धा सूत पूर्वेला!" एवढं ओरडलं की काम झालं. इमारत सुटली, बाबा सुटले, जागा वाचली. उद्या पाव, परवा पाऊण. जमतंय की.

ती बराच वेळ हे मनात घोळवत राहिली. कुणी तिला नावं ठेवायची गरज नाही, तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण मग तिला पुढचं दिसायला लागलं. रोज दोन खोटी मापं, आणि तीही मिस्त्रीच्या डोळ्याला पटतील अशी. ऊन किती, वारा किती, याचा हिशेब करून रचलेली. वर्षभर. दहा वर्षं. आणि बाबा तिच्या रचलेल्या इमारतीत राहणार, एकटे. त्यांच्याशी खरं बोलणारं जगात एकही माणूस उरणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हो ला हो करू नका. तिने शून्याला शून्य केलं होतं. ते हो नव्हे तर काय होतं?

खरं सांगितलं तर ते परत कधी तिच्या हातून गोळी घेणार नाहीत. गोळी गेली की सगळं गेलं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने तोंड पुसलं. "जे व्हायचं ते खऱ्यावर होऊ दे," ती मोठ्याने म्हणाली.

साडेपाचला बाबा थापी घेऊन निघाले. टाचणी वही घेऊन त्यांच्या पुढे उतरली, तळमजल्यावर त्यांना बादलीपर्यंत जाऊ दिलं आणि मग शेवटच्या पायरीवर आडवी बसली. आता तिला ओलांडल्याशिवाय वरच्या कुठल्याच दाराशी जाता येत नव्हतं. समोर सेक्रेटरींचं दार अर्धवट उघडं होतं. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"ऊठ," बाबा म्हणाले. "माप घे."

"बाबा, मी खोटं लिहिलं."

"काय?"

"पंधरा दिवस. सगळी शून्यं खोटी आहेत. एकही खरं नाही. पहिल्या दिवशी साडेतीन होते, गच्चीचं दार उघडं होतं म्हणून. मी घाबरले. मग रोज न बघता लिहिलं."

बाबांनी आधी दोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही."

"मालकाने सांगितलं. पैसे दिले?"

"बाबा, मला पैसे दिले असते तर ही चप्पल बघा, अशी असती का?"

चपलेचा अंगठा दोऱ्याने बांधलेला होता. बाबांनी तो नीट बघितला. त्यांचं डोकं कितीही भरकटलं तरी डोळ्यांवर त्यांचा विश्वास होता. ते खाली वाकले, गुडघे टेकले, थरथरता हात फळीवर दाबून धरला आणि दोरीच्या समोर डोळा आणला. खूप वेळ लागला. सेक्रेटरी दारात येऊन हाताची घडी घालून उभे राहिले होते.

"अर्धा सूत. पूर्वेला," बाबा म्हणाले. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. टाचणीने श्वास सोडला. तो तिने जरा लवकरच सोडला, कारण बाबा उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "म्हणजे पंधरा दिवस काय झालं ते कुणालाच माहीत नाही. पंधरा दिवस आंधळे होतो आपण. चार झाले असतील. पाच झाले असतील!" त्यांनी थापी उलटी धरली, मूठ पुढे. "साइटवर असतीस तर आत्ता घालवली असती तुला. बाजूला हो."

"नाही होणार."

"टाचणे!"

"मला घालवा. पेन्सिल परत घ्या. पण दार वाजलं तर आपलं घर जाईल, आई रस्त्यावर येईल, आणि मी तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही, म्हणजे तुमच्याबरोबर मीही. हे खरं माप आहे. आणि अजून एक खरं माप आहे, तेही ऐका." तीन वर्षांत जे तिने कधी त्यांच्या तोंडावर म्हटलं नव्हतं ते म्हणाली. "इमारत कलत नाही, बाबा. तुम्ही आजारी आहात. ते मी रोज लिहिते. ते सगळं बघून लिहिलंय."

तिने वही उलटी केली आणि त्यांच्या हातात दिली.

सेक्रेटरींनी दाराच्या चौकटीला हात टेकला. बाबांनी थापी काखेत धरली आणि वही डोळ्यांजवळ नेली. त्यांनी ती चाळली नाही. मापाची वही ते कधीच चाळत नसत, पहिल्या ओळीपासून वाचत. झोप सात तास. जेवले. गोळी घेतली. शिंप्याशी बोलले. झोप सहा तास. अर्धं जेवले. भिंतीला कान, वीस मिनिटं. आईशी बोलले नाहीत. गोळी घेतली. पानामागून पान. तारीख, वेळ, आकडा, मार्जिन सरळ, खाडाखोड नाही. एका पानावर त्यांनी मान हलवली, चांगल्या बांधकामाला हलवायचे तशी. पुढच्या पानावर ते पायरीवर बसले, तिच्या शेजारी.

शेवटच्या पानापाशी ते थांबले.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे?"

"पेन्सिल दे."

तिने कानावरची पेन्सिल दिली. बाबांनी बोट ठेवून एक ओळ शोधली. 'गोळी घेतली.' त्यावर काट मारली. हात थरथरत होता, रेघ वाकडी आली, तर त्यांनी ती परत मारली. खालच्या ओळीवर काट. त्याच्या खालच्या ओळीवर. एक, दोन, तीन, असं करत नऊ ओळी. मग प्रत्येक काटेच्या पुढे, लहान मुलासारख्या मोठ्या अक्षरात लिहीत गेले, 'नाही घेतली.'

टाचणी बघतच राहिली. "मी स्वतः दिली होती. रोज."

"जिभेखाली धरायचो. मग खिडकीतून खाली." बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "झोप येते त्याने. मी झोपलो तर इमारतीकडे बघणार कोण? तू तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

टाचणीला राग आला. चांगला सणसणीत राग आला. नऊ दिवस ती ज्याच्या जिवावर बिनघोर झोपत होती ते सगळं खिडकीतून खाली गेलं होतं! पण रागावून बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की पंधरा दिवस खोटं लिहिणाऱ्याने नऊ दिवसवाल्याला काय बोलायचं. तिने तोंड मिटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलं नाही.

"मिस्त्री," सेक्रेटरी दारातून म्हणाले, "आज दारं वाजणार आहेत का? म्हणजे मला चष्मा बरोबर घ्यायला."

बाबांनी काखेतली थापी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पायरीवर, आपल्या आणि टाचणीच्या मध्ये ठेवली. "आज अर्धा सूत आहे," ते म्हणाले. "आज नाही."

सेक्रेटरी आत गेले. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं," टाचणी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "ही वही त्यांना दाखवायची. काट मारलेली."

"त्या ठेवून घेतील मला तिकडे."

"घेतील कदाचित. खरं सांगते, मला माहीत नाही."

बाबांनी ओळंब्याच्या दोरीकडे बघितलं. इमारतीवरचा त्यांचा संशय गेला नव्हता, तो असा एका संध्याकाळी जात नाही. पण त्यांनी मान डोलावली. "सकाळचं माप घेऊन निघू. मग मी नसलो तर..." त्यांनी सेक्रेटरींच्या दाराकडे बघितलं. "त्यांना शिकवतो. कारकून माणूस आहे, बघितल्याशिवाय लिहिणार नाही." वहीची पुढची बाजू त्यांनी वर केली आणि पेन्सिल आपल्या कानावर अडकवली. "हे तुझ्याकडून काढलं. तू न बघता लिहिलंस."

"हो," टाचणी म्हणाली. तिला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

बाबांनी वही उलटी केली. मागची बाजू बराच वेळ हातात धरून ठेवली. "हे तूच लिही," ते म्हणाले.

आई घरी आली तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टाचणीने तिला सगळं सांगितलं, एका दमात, बाबांच्या देखत. आईने इस्त्रीने भाजलेले हात पाण्याखाली धरले आणि पाणी बराच वेळ वाहू दिलं. मग तिने गोळीची पट्टी आणून टेबलावर ठेवली.

टाचणीने गोळी काढली आणि तळहातावर धरली. आता काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी तळहाताकडे बघितलं, गोळी उचलली, तोंडात टाकली, पेलाभर पाणी प्यायले. टाचणीने वही ओढली. 'गोळी' एवढं लिहिलं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची दिव्याखाली ओढली, मान मागे टाकली, तोंड मोठं उघडलं आणि जीभ वर उचलून धरली. मग तोंड मिटून म्हणाले, "बघ. बघितल्याशिवाय लिहू नकोस."

त्यांनी परत तोंड उघडलं. टाचणी उठून त्यांच्यासमोर वाकली, नीट बघितलं, आणि मग लिहिलं, 'घेतली.'